पिकअप गाडीचे धक्के : कारणें व उपाय

शेतांतील माल बाजारांत नेण्याचें साधन गेल्या शंभर वर्षांत तीन अवस्थांतून गेलें आहे. प्रथम लोखंडी धांवेची बैलगाडी होती; मग रबरी चाकांची टायरगाडी व भाड्याचा ट्रक आला; आणि हल्लीं ज्यांच्या घरीं चार-पांच एकर बागाईत आहे अशा पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत स्वतःची पिकअप गाडी उभी असते. ट्रकवाल्याच्या मर्जीची वाट पाहणें ह्या गाडीनें संपविलें, हा तिचा मोठाच उपकार होय. परंतु तिच्याविषयीं एक तक्रार सर्वत्र ऐकूं येते. माल भरून जातांना गाडी बरी चालते. रिकामी परततांना मात्र महामार्गावर ती अंग खिळखिळें करून सोडते. थोडा माल असला तर तोहि खिळखिळा होतो.

मीं महसूल खात्यांत उभी हयात वह्या लिहिण्यांत घालविली. जमाखर्चांत जी रक्कम दिसत नाहीं तीच बहुधा मोठी असते, असा त्या कामाचा अनुभव आहे. पिकअपच्या धक्क्यांचें तसेंच आहे. डिझेलचा खर्च पावतीवर येतो, टायरांचा येतो, टोलचा येतो. धक्क्यांचा खर्च मात्र कोठेंच येत नाहीं. द्राक्षांचे मणी घडांतून सुटले किंवा टोमॅटोस डाग पडले, तर बाजारांत मालाची प्रत हलकी म्हणून तें भावांतून वजा होतें. गाडी चालविणाऱ्या मुलाची कंबर धरली, तर तें घरगुती दुखण्यांत जमा होतें. सबब हें खातें आज वाचकांसमोर उघडून ठेवीत आहें. ह्यांतील बहुतेक उपायांस पैसा थोडा व लक्ष फार लागतें.

धक्का कां बसतो?

पिकअपचा मागील आंस आणि वरील चौकट ह्यांच्यामध्यें पोलादी पट्ट्यांची कमान असते. कारागीर तिला नुसतें 'पाटे' म्हणतात. हे पाटे पूर्ण भार झेलण्यासाठीं घडविलेले असतात. पंधरा क्विंटल माल भरावयाच्या गाडीचे पाटे पंधरा क्विंटलांखालीं मऊपणें दबतात. हौदा रिकामा असला म्हणजे ते जवळजवळ ताठ काठीसारखे राहतात. खड्डा आला कीं काठी वांकत नाहीं, वरील गाडीसच उचलून फेकते.

ह्याचा एक सोपा हिशेब यंत्रशास्त्रांत आहे, तो शेतकरी बंधूंनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. ओझ्याखालीं पाटा जितके सेंटीमीटर दबलेला असेल त्या आंकड्याचें वर्गमूळ काढावें व त्यानें ३०० ह्या संख्येस भागावें. येणारें उत्तर म्हणजे गाडीचा तो भाग मिनिटास किती हेलकावे खाईल ती संख्या होय. समजा, रिकाम्या गाडीच्या वजनानें मागील पाटा ४ सेंटीमीटर दबतो. चाराचें वर्गमूळ दोन. सबब हेलकावे मिनिटास १५०. तीच गाडी भरल्यावर पाट्यावरील भार चौपट झाला, तर पाटा १६ सेंटीमीटर दबेल. सोळाचें वर्गमूळ चार. सबब हेलकावे ७५. प्रवासी मोटारींत ही संख्या साधारणतः ६० ते ९० च्या दरम्यान ठेवितात. म्हणजे भरलेली पिकअप मोटारीसारखी चालते व रिकामी तीच गाडी दुप्पट वेगानें आदळते. ह्यांत गाडीचा दोष कांहीं नाहीं. पाटा व ओझें ह्यांचें प्रमाण बिघडलें, एवढेंच.

मनुष्याच्या शरीराचीहि एक मर्यादा आहे. बसलेल्या माणसाचें धड व पोट सेकंदास ४ ते ८ कंपांस, म्हणजे मिनिटास २४० ते ४८० कंपांस, सर्वांत अधिक हेलावतें. हेलकावे जों जों जलद होतात तों तों ते ह्या वाईट पट्ट्याकडे सरकतात. कंबर, पाठ व मान धरण्याचें मूळ येथें आहे.

ज्यादा पाटा घालण्याची खोड

वरील हिशेब समजला म्हणजे आपल्याकडील एका प्रचलित रिवाजाचा तोटा आपोआप ध्यानांत येतो. नवी गाडी घेतली कीं तिला बाजूस एक किंवा दोन ज्यादा पाटे बसवून घ्यावयाचे, म्हणजे ती 'दणकट' झाली, असा समज आहे. पाटे वाढविले कीं कमान अधिक ताठ होते. रिकाम्या गाडीनें जी ४ सेंटीमीटर दबत असे ती आतां ३ च दबेल. हेलकावे १५० वरून १७३ वर जातील. कांद्याच्या हंगामांतील दोन महिन्यांच्या ओझ्यासाठीं वर्षाचे दहा महिने शिक्षा भोगावयाची, असा हा व्यवहार आहे.

दुसरें असें कीं, ज्यादा पाट्यानें गाडीची वाहण्याची अधिकृत मर्यादा एका किलोनेंहि वाढत नाहीं. ब्रेक तेच, आंस तोच, टायर तेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्यें २०१९ सालीं दुरुस्ती झाली. तीप्रमाणें मर्यादेबाहेरील ओझ्यास २०,००० रुपये व वर दर ज्यादा टनास २,००० रुपये दंड सांगितला असून, ज्यादा माल उतरविण्याचा खर्चहि गाडीवाल्याच्या माथीं आहे. म्हणजे पाटा ज्या कामासाठीं घालावयाचा तेंच काम बेकायदा ठरतें.

आमच्या शेजारच्या गांवीं एका टोमॅटो-बागाईतदारानें कांद्याचा हंगाम पाहून दोन्ही बाजूंस दोन-दोन पाटे चढविले होते. पुढें वर्षभर तो त्याच गाडींतून सहा-सात क्विंटल टोमॅटो नारायणगांवच्या बाजारांत नेत असे. वरच्या थरांतील फळें नेहमीं डागाळलेलीं निघत व तो क्रेट बनविणाऱ्यास दोष देई. शेवटीं वजनकांट्यावर गाडी चढविली, वर्षभराच्या खेपांचीं वजनें मांडलीं, तेव्हां असें दिसलें कीं पूर्ण भार वर्षांत मोजक्याच दिवशीं असतो. ज्यादा पाटे काढल्यावर गाडी कांहीं पालखी झाली नाहीं. पण वरच्या थरांतील नुकसान निम्म्याहून खालीं आलें व गाडी चालविणाऱ्या मुलाची कुरकुर थांबली.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कांहीं लोक उलट टोंकास जाऊन कंपनीनें दिलेल्या मूळ पाट्यांतूनच एखादा काढून टाकतात. हें कधींहि करूं नये. उरलेल्या पाट्यांवर ताण वाढून ते तुटतात, व वळणावर गाडी एका अंगास झुकते. वाढविलेलें तेवढें काढावें. मूळचें मोडूं नये.

टायरांतील हवा

१८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवा भरलेली रबरी नळी बसविली, ती धक्के कमी व्हावे म्हणूनच. जनावरांच्या वैद्याची ही युक्ति पुढें आपल्या बैलगाडीपर्यंत आली. टायर हा गाडीचा पहिला पाटा होय, आणि तो मऊ-कठीण करणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

तरी आपल्याकडे बहुतेक गाड्यांत बाराहि महिने भरलेल्या ओझ्याची हवा असते. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेंत किंवा दाराच्या खांबावरील पट्टींत रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठीं निरनिराळे दाब दिलेले असतात. ते पाहून चालावें. माल उतरवून लांबचा परतीचा प्रवास असेल, तर टायर निवल्यावर मागील चाकांची हवा रिकाम्या गाडीच्या आंकड्यावर आणावी. पुन्हां माल भरण्यापूर्वीं ती वाढवावी. पट्टीवर एकच आंकडा दिला असेल तर त्याखालीं मुळींच जाऊं नये. कमी हवेचा टायर भाराखालीं अधिक वांकतो, वांकल्यानें तापतो आणि उन्हाळ्यांत महामार्गावर फुटतो.

दाब नेहमीं गाडी थंड असतांना, म्हणजे सकाळीं निघण्यापूर्वीं मोजावा. चौरस इंचास ६० पौंड दाब असलेल्या टायरांत उष्णतेच्या दर १० अंशांस सुमारें अडीच पौंडांचा फरक पडतो. दुपारीं तापलेल्या टायरांत दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडली, तर रात्रीं तोच टायर कमी हवेवर चालेल. हवा भरणाऱ्याच्या यंत्रावर विसंबण्यापेक्षां एक लहानसा दाबमापक घरीं ठेवावा. त्याची किंमत एका टायरापुढें कांहींच नाहीं.

शॉक, बुश व पाट्यांची निगा

पाटा धक्का झेलतो, पण झेलल्यावर तो स्वतः नाचत राहतो. हें नाचणें थांबविण्याचें काम तेलानें भरलेल्या नळकांड्याचें, ज्यास शॉक म्हणतात त्याचें आहे. आंतील तेल बारीक छिद्रांतून रेटलें जातें व हेलकाव्याची शक्ति उष्णतेंत जिरते. शॉक गेला कीं एका खड्ड्याचे तीन धक्के होतात. नळकांड्यावर तेलाचा ओघळ व त्यावर चिकटलेली धूळ दिसली, किंवा टायरावर जागोजागीं खोलगट झीज झाली, तर शॉक तपासून घ्यावे व बदलणें झाल्यास एकाच आंसावरील दोन्ही एकदम बदलावे.

पाट्यांच्या टोंकांशीं रबरी बुश असतात. ते झिजून लोखंडावर लोखंड आदळूं लागलें म्हणजे प्रत्येक बारीक खड्डा कानांत वाजतो. बुश ही स्वल्प किमतीची वस्तु आहे, पण तिच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. पाट्यांच्या मध्यें चिखल व गंज सांचला तर पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात. मग बारीक धक्क्यांस कमान दबतच नाहीं, सगळा धक्का जसाच्या तसा वर येतो. पावसाळा संपतांच पाट्यांखालचा चिखल पाण्याच्या जोरानें धुवून काढावा. ग्रीस लावावें कीं नाहीं हें मात्र पुस्तिकेंत पाहून ठरवावें. कांहीं पाट्यांमध्यें पट्टी घातलेली असते व तिला ग्रीस चालत नाहीं. यू-बोल्ट सैल झाले असल्यास नियमानें आंवळून घ्यावे.

ठराविक वेगावरच, उदाहरणार्थ सत्तर-ऐशींच्या दरम्यानच, सुकाणूचें चाक थरथरत असेल आणि रस्ता गुळगुळीत असेल, तर तो पाट्यांचा दोष नव्हे. तेथें चाकांचें समतोलन बिघडलें आहे असें समजावें व प्रथम तें करून घ्यावें. रोग एक आणि औषध दुसरें, असें होऊं देऊं नये.

माल कसा भरावा

धक्का सर्वत्र सारखा बसत नाहीं. मागील आंसाच्या वर व त्याच्याहि मागें तो सर्वांत जास्त असतो. रचलेल्या क्रेटांत तळापेक्षां माथ्यावरचे क्रेट अधिक उसळतात. म्हणून नाजुक माल आंसाच्या पुढच्या बाजूस, केबिनीच्या पाठीशीं लावावा, व कांदा, कोबी असा सोशिक माल मागें ठेवावा. मागील फळीबाहेर लोंबणारें ओझें पुढच्या चाकांवरील भार काढून घेतें व सुकाणू हलकें करतें. तें सर्वस्वीं टाळावें.

क्रेट कांठोकांठ भरावा, पण कांठाबाहेर भरूं नये. अर्धवट क्रेटांत फळ उड्या मारतें. शीग लावलेल्या क्रेटांत वरचा क्रेट खालच्या फळास दाबतो. माथ्याच्या थरावर कागदाची किंवा भाताच्या पेंढ्याची गादी घालून वर दोरी अथवा पट्टा ताठ बांधावा. द्राक्षाच्या घडास लागणारा धक्का एकच मोठा नसतो. हजारों बारीक धक्क्यांनीं देंठाशीं मणी सैल होतो. बांधलेला माल गाडीबरोबर हलतो. सैल माल गाडीशीं झगडतो.

सर्वांत वाईट अवस्था अर्ध्या गाडीची. चार क्विंटल द्राक्षें पंधरा क्विंटलांच्या गाडींतून एकटींच नेलीं, तर ताठ पाट्यांचा सारा मार त्यांनाच बसतो. दोघां-तिघां शेजाऱ्यांनीं एकाच दिवशीं तोडणी करून एक गाडी भरली, तर भाडें वांचतें, डिझेल वांचतें आणि पाटा ज्या ओझ्यासाठीं केला त्याच ओझ्यावर चालतो. परत येतांना खत, पेंड किंवा सिमेंट आणण्याचें असेल तर तें त्याच खेपेंत आणावें. नुसत्या वाळूच्या पोत्यांचें ओझें नेहमीं वागविणें मात्र तोट्याचें आहे. तें डिझेल खातें, व न बांधल्यास ब्रेक मारतांना केबिनीवर येऊन आदळतें.

वेग व सिमेंटचे रस्ते

आतां महामार्गाविषयीं. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून त्याचा शेवटचा इगतपुरी-आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. असे सिमेंटचे रस्ते खड्ड्यांपासून मुक्त असले तरी त्यांत ठराविक अंतरावर सांधे असतात. आपल्याकडे हें अंतर साधारणतः साडेचार मीटर असतें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास सुमारें २२ मीटर जाते. म्हणजे सेकंदास जवळजवळ पांच सांधे. सांधे उठलेले असले तर हे पांच ठोके वर सांगितलेल्या ४ ते ८ च्या वाईट पट्ट्यांत येतात. ताशीं ६० वर हीच संख्या पावणेचाराच्या आंत येते. म्हणून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी तालावर नाचूं लागली, तर वेग पांच-दहा किलोमीटरांनीं कमी करून पाहावा. पुष्कळदां नाच तेथेंच थांबतो. मालवाहू गाड्यांस द्रुतगति महामार्गावर २०१८ च्या अधिसूचनेनें ताशीं ८० किलोमीटरांची कमाल मर्यादा घातली आहे. रिकामी गाडी तिच्या पुष्कळ खालीं चालविण्यास कोणाचीहि मनाई नाहीं.

चालविणाऱ्याचें शरीर

गाडी सुधारल्यावर जो धक्का उरतो तो बैठकीनें झेलावयाचा असतो. बसून बसून सपाट झालेल्या फोमखालीं नुसता पत्रा राहतो. तो फोम बदलावा. जाड व मऊ उशी घेऊं नये; तींत शरीर बुडतें व धक्क्याबरोबर उलट उसळतें. घट्ट, मध्यम जाडीची गादी व कंबरेच्या खोलगट भागास आधार, हें पुरेसें आहे. पाठ टेकलेली असावी व क्लच पूर्ण दाबतांना गुडघा थोडा वांकलेला राहावा, इतक्या अंतरावर बैठक आणावी.

युरोपीय संघानें २००२ सालच्या निर्देशांत कामगारांच्या सर्व शरीरास बसणाऱ्या कंपांची आठ तासांच्या दिवसाची मर्यादा ठरवून दिली आहे. म्हणजे ही गोष्ट तिकडे कायद्याच्या कक्षेंत आली. आपल्या घरच्या चालकास असें संरक्षण देणारा कोणी नाहीं, तें आपणच दिलें पाहिजे. दर दोन तासांनीं गाडी थांबवून पांच-दहा मिनिटें चालावें. बाजारांत पोंचल्याबरोबर क्रेट उचलावयास धांवूं नये. तासन्‌तास हादरलेला कणा त्या वेळीं दुखापतीस अधिक पात्र असतो. थोडें फिरून, पाठ सरळ करून मग हात घालावा.

कामाचा क्रम व नोंद

सर्व उपाय एकदम केले तर गुण कशाचा हें कळत नाहीं. सबब क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यांत टायरांची हवा. दुसऱ्यांत गाडी रिकामी व भरलेली अशी वजनकांट्यावर चढवावी, आणि दोन्ही वेळीं मागील चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचें अंतर फितीनें मोजावें. भरल्यावर अंतर फारसें कमी होत नसेल तर पाटे ओझ्याच्या मानानें ताठ आहेत. कमान आंसावरील रबरी ठोकळ्यास टेकत असेल तर ओझें जास्त आहे किंवा पाटे थकले आहेत. तिसऱ्यांत ज्यादा पाट्यांचा निकाल. त्यानंतर बुश, शॉक व शेवटीं बैठक.

प्रत्येक खेपेची एका ओळींत नोंद करावी : तारीख, मालाचें वजन, हवेचा दाब, रस्ता, व बाजारांत बाद ठरलेला माल किती. दोन महिन्यांत ही वही जें सांगेल तें कोणत्याहि कारागिराच्या सांगण्याहून अधिक खरें असेल. नवी गाडी घेणाऱ्यानें तर ही वही आधींच लिहावी. नेहमींच्या खेपेचें वजन सहा क्विंटल असतां सतरा क्विंटलांची गाडी घेणारा मनुष्य जन्मभरासाठीं ताठ पाटे विकत घेतो. गाडी वर्षांतील एका मोठ्या दिवसासाठीं घेऊं नये. नेहमींच्या दिवसांसाठीं घ्यावी, व मोठ्या दिवशीं भाड्याचा ट्रक बोलवावा.

गांवोगांवच्या मंडळांनीं एक चांगला दाबमापक व एक फीत सभासदांच्या उपयोगासाठीं ठेविल्यास, आणि तोडणीचे दिवस एकमेकांस विचारून ठरविल्यास, ह्यांतील अर्धें काम विनाखर्च होण्यासारखें आहे. वर्षभर राबून पिकविलेला माल शेवटच्या दोनशें किलोमीटरांत हलक्या प्रतीचा ठरूं नये, आणि तो नेणारा मुलगा चाळिशींत कंबर धरून बसूं नये, एवढ्यासाठीं हे श्रम करणें योग्यच होय.